पुस्तक मिटून अभ्यास: दहावीच्या मुलामुलींसाठी एक सविस्तर पद्धत

दहावीच्या निकालानंतर शाळेच्या आवारात दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सगळं वाचलं होतं, पण पेपरात आठवलंच नाही." असं सांगणारी मुलं खोटं बोलत नसतात. त्यांनी खरंच वाचलेलं असतं, बऱ्याचदा तीन-तीन वेळा. अडचण अशी की वाचताना ओळखीचं वाटणं आणि कोरा कागद पुढे आल्यावर आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे मुलं वर्षभर पहिल्या कामाचा सराव करतात आणि परीक्षा मात्र दुसऱ्याची होते.

या लेखात सांगितलेली सगळी पद्धत एका गोष्टीभोवती उभी आहे: पुस्तक मिटायचं आणि आठवायचं. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण वर्गात वर्षानुवर्षं तीच शिकवली आहे. नववी किंवा बारावीच्या मुलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पहिली पायरी: समोर काय आहे ते एकदा मांडून घ्या

अभ्यासाला बसण्याआधी एक संध्याकाळ फक्त मांडणीसाठी द्या. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान उलटं करा आणि त्यावर विषय आणि धड्यांची नावं लिहा. बीजगणिताचे, म्हणजे गणित भाग १ चे सहा धडे, भूमितीचे सात, विज्ञानाच्या दोन भागांचे दहा-दहा. मग भूगोल, इतिहास, राज्यशास्त्र आणि भाषा. आतापर्यंत डोक्यात "बापरे, केवढा पोर्शन!" एवढंच असतं. कागदावर उतरलं की तो मोजता येतो, आणि मोजता आला की भीती निम्मी कमी होते.

बाजूला गुण आणि वेळ लिहा. पूर्ण भाषेची कृतिपत्रिका ८० गुणांची, तीन तासांची. गणिताचे दोन पेपर, विज्ञानाचे दोन पेपर, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हे प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे. याचा अर्थ गणित-विज्ञानात एका गुणामागे तीन मिनिटं मिळतात आणि भाषेत सव्वादोन. हा हिशेब पुढे कामी येणार आहे.

आता प्रत्येक धड्यापुढे खूण करायची: येतो, अर्धवट येतो, येत नाही. ही खूण मनाने करू नका. धड्याच्या स्वाध्यायातले कुठलेही तीन प्रश्न घ्या आणि पुस्तक न बघता लिहून पाहा. तिन्ही जमले तर "येतो". आठवीपासून आवडता असलेला धडाही या चाचणीत कधी कधी "अर्धवट" निघतो. वाईट वाटून घेऊ नका, ही माहिती आत्ता मिळणं फायद्याचंच आहे.

पुस्तकं घरी नसतील किंवा फाटली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. दहावीची सध्याची पुस्तकं २०१८ सालापासूनची आहेत, त्यामुळे ताई-दादाचं जुनं पुस्तक असेल तर ते कोणत्या सालचं आहे ते बघून घ्या.

दुसरी पायरी: वाचा, मिटा, लिहा, तपासा

हाच लेखाचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबून बोलतो.

एक धडा घ्या. विज्ञान भाग १ मधला "भिंगे व त्यांचे उपयोग" घेऊ. पूर्ण धडा एकदम घ्यायचा नाही. त्यातला फक्त दृष्टिदोषांचा भाग घ्यायचा, दोन-तीन पानांचा. तो एकदा नीट, सावकाश वाचा. हातात पेन नको, हायलायटर तर नकोच. आकृती आली की तिच्यावर थांबा: किरण कुठून आले, कुठे वळले, प्रतिमा कुठे पडली. वाचून झालं की पुस्तक मिटून पाठीमागे ठेवा. समोर ठेवलं तर हात आपोआप जातो.

आता एक पाठकोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. अक्षर, शुद्धलेखन, क्रम कशाचीच काळजी नको. समजा असं उतरलं: "निकटदृष्टिता: जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. बहिर्गोल भिंग वापरतात. दूरदृष्टिता: उलट. वृद्धदृष्टिता: म्हातारपणी होते, स्नायू…" आणि पेन थांबलं. हे पेन थांबणं सहन करायला शिका. एक-दोन मिनिटं तसंच बसा, डोक्याला ताण द्या. लगेच पुस्तक उघडायचा मोह होईल, तो आवरा. आठवण्यासाठी केलेली ही धडपडच आठवण पक्की करते.

मग पुस्तक उघडा आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने आपलाच कागद तपासा. वरच्या कागदात एक सरळ चूक आहे. निकटदृष्टितेला अंतर्गोल भिंग लागतं. "अंतर्गोल" एवढाच शब्द सुधारून पुढे गेलात तर आठवड्याने तीच गल्लत पुन्हा होईल. कारण लिहा: या दोषात प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते, म्हणजे किरण गरजेपेक्षा लवकर एकत्र येतात. त्यांना आधी थोडं पसरवायला हवं, आणि पसरवण्याचं काम अंतर्गोल भिंग करतं. दूरदृष्टितेत प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे जाते, म्हणून तिथे किरण एकत्र आणणारं बहिर्गोल भिंग. घरात आजोबांचा वाचायचा चष्मा असेल तर तो पुस्तकावर थोडा वर धरून बघा. अक्षर मोठं दिसलं तर भिंग बहिर्गोल. वयामुळे डोळ्यातल्या भिंगाजवळचे समायी स्नायू दुबळे होतात, जवळचं नीट दिसेनासं होतं, म्हणून आजोबांना ते लागतं. अर्धवट राहिलेलं तिसरं वाक्यही इथे पूर्ण झालं. आता कुठलं भिंग कशाला, हे पाठ करायची गरजच उरली नाही.

या एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तीच पानं तीनदा वाचून झाली असती, आणि खरं सांगायचं तर तीनदा वाचणाऱ्याला त्या रात्री जास्त समाधान वाटलं असतं. समाधानाचा हा फसवेपणा संशोधकांनी मोजलेला आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा थोडा जास्त आठवला: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. दोनदा वाचलेला उतारा ४२ टक्के आठवला, आठवून लिहिलेला ५६. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही, महिन्यांनी आहे. त्यामुळे कुठल्या रांगेत बसायचं हे उघड आहे.

मुलं इथे एक प्रश्न हमखास विचारतात: काहीच आठवलं नाही तर? मग भाग छोटा करा. तीन पानं जड जात असतील तर एक परिच्छेद घ्या. पण पद्धत सोडू नका. आणखी एक, कागद भरून झाल्यावर तो जपून ठेवायची गरज नाही. त्याचं काम झालं. सुंदर नोट्स काढण्यात तासन्‌तास घालवणारी मुलं, विशेषतः मुली, मी खूप पाहिल्या आहेत. चार रंगांची शीर्षकं, पट्टीने आखलेल्या चौकटी. त्या वह्या बघून माझाही जीव सुखावतो. पण पुस्तकातून वहीत उतरवताना डोक्याला फारसं काम पडत नाही. तोच वेळ आठवण्यावर घालवलात तर तुमच्या कष्टांना न्याय मिळेल.

तिसरी पायरी: उजळणी लांबवत न्या

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करायची आणि काही काळाने ती पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजायचं, अशी त्याची रीत होती. तासाभराने निम्म्याहून कमी बचत उरली होती, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश. त्यानंतर मात्र घसरण मंदावली. महिन्याने पाचवा हिस्सा उरला होता. धड्यात अर्थ असतो, म्हणून तो इतक्या झपाट्याने जात नाही. पण पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त निसटतं ही गोष्ट तिथेही खरी आहे.

म्हणून उजळणीचा क्रम असा ठेवा: आज केलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. प्रत्येक वेळी आधी आठवायचं, मग बघायचं. उद्याच्या उजळणीला दहा मिनिटं लागतील, महिन्यानंतरच्या उजळणीला कदाचित पाच. भिंतीवरच्या त्या पानावर धड्यापुढे तारखा लिहीत गेलात की आज कशाची पाळी आहे ते शोधत बसावं लागत नाही.

व्याख्या, सूत्रं, सनावळी, रासायनिक सूत्रं, इंग्रजी शब्दार्थ अशा सुट्या गोष्टींसाठी चिठ्ठ्या फार उपयोगी. आपल्या घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतोच. त्यांचा जाड कागद पत्त्याच्या आकारात कापा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याने तीन कप्पे करा. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की दुसऱ्यात, तिथेही बरोबर आलं की तिसऱ्यात. चुकली की ती कुठल्याही कप्प्यातून सरळ पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा रविवारी. सेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली ही युक्ती मांडली आणि आज मोबाइलमधली अनेक अ‍ॅप्स याच तत्त्वावर चालतात. अ‍ॅप वाईट नाही, पण चिठ्ठी लिहिताना प्रश्न तुम्ही स्वतः घडवता आणि हातात फोन नसतो. माझं मत खोक्याच्या बाजूने आहे.

चिठ्ठीवर एकच प्रश्न असावा. "गुरुत्वाकर्षण: सर्व सूत्रे" अशी चिठ्ठी कोणाच्याही कामाची नाही. "मुक्तिवेग म्हणजे काय?" ही एक चिठ्ठी. "वस्तूचं वस्तुमान दुप्पट झालं तर मुक्तिवेगाचं काय होतं, आणि का?" ही दुसरी. ही दुसरी जास्त मोलाची, कारण तिचं उत्तर (काहीच बदलत नाही, सूत्रात वस्तूचं वस्तुमान येतच नाही) समजल्याशिवाय देता येत नाही.

गणित: इथे नियम थोडे बदलतात

गणित वाचून येत नाही हे सगळेच सांगतात. पण सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवून काढणं म्हणजेही वाचनच, हे फारसं कोणी सांगत नाही. क्लासमध्ये फळ्यावरचं गणित उतरवलं, समजलं, वही भरली. घरी येऊन तेच गणित कोऱ्या पानावर करायला घ्या. बऱ्याच वेळा दुसऱ्या ओळीवर गाडी अडते.

सोडवलेलं उदाहरण असं वापरा. पुस्तकातलं उदाहरण पट्टीने किंवा वहीने झाका. फक्त प्रश्न उघडा ठेवा. पहिली ओळ स्वतः लिहा, मग पट्टी एक ओळ खाली सरकवा आणि जुळवून पाहा. जुळली तर पुढची. नाही जुळली तर पुस्तकाने ही ओळ का लिहिली असेल ते स्वतःला समजावा. असं एक उदाहरण केलं की तेच, आकडे बदलून, पुन्हा पूर्ण करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती सहसा कुठल्या वेळापत्रकात नसते: गणितं मिसळून सोडवा. समरूपतेच्या सरावसंचात प्रत्येक गणित समरूपतेचंच असतं, त्यामुळे कोणती रीत वापरायची हा प्रश्नच येत नाही. पेपरात मात्र समोर एक त्रिकोण असतो आणि ठरवायचं असतं: इथे पायथागोरस लावू, भूमितीमध्याचं प्रमेय लावू, त्रिकोणमितीचं गुणोत्तर घेऊ की दोन त्रिकोण समरूप दाखवू? हा निवड करण्याचा सराव झालेलाच नसतो.

रोहरर आणि टेलर यांच्या २००७ सालच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार निरनिराळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचा सराव केला. एका गटाने एक-एक प्रकार संपवत, दुसऱ्याने चारही मिसळून. सरावाच्या वेळी मिसळणाऱ्यांची ६० टक्के उत्तरं बरोबर आली, एकेक प्रकार करणाऱ्यांची ८९. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मिसळणाऱ्यांना ६३ टक्के मिळाले आणि दुसऱ्या गटाला २०. तेव्हा मिसळून करताना जास्त चुका झाल्या तर धीर सोडू नका. नवा धडा शिकताना सुरुवातीला एकाच प्रकारची गणितं करणं ठीकच आहे. पण रीत हातात बसली की रविवारी निरनिराळ्या धड्यांमधलं एकेक गणित चिठ्ठ्यांवर लिहून, चिठ्ठ्या उचलून सोडवा. चिठ्ठीवर धड्याचं नाव मात्र लिहायचं नाही.

आणि चुकांची वही ठेवा. साधी, शंभर पानी. चुकलेलं गणित, आपण काय केलं, काय करायला हवं होतं, आणि चूक कोणत्या जातीची. चार-पाचच जाती असतात: चिन्ह चुकलं, प्रश्न अर्धा वाचला, सूत्र आठवलं नाही, रीतच चुकीची निवडली, आकडेमोड. महिन्याने वही चाळलीत तर दिसेल की आपले निम्म्याहून जास्त गुण एकाच जातीत जात आहेत. वर्गसमीकरणात वजा चिन्ह कंसाबाहेर काढताना गोंधळणाऱ्या मुलाला आणखी शंभर गणितांची गरज नाही. ती एकच ओळ सावकाश लिहायची सवय त्याला लावावी लागते. ही वही दहावीचं सगळ्यात मौल्यवान पुस्तक ठरू शकते, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

इतिहास, भूगोल आणि भाषा

भूगोलाचं सध्याचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत पुढे जातं. त्याचा फायदा घ्या. कोऱ्या पानावर दोन रकाने आखा, हवामान हा विषय घ्या आणि पुस्तक मिटून दोन्ही बाजू भरा. नकाशाचंही तसंच. ब्राझीलचा बाह्याकार घेऊन अ‍ॅमेझॉनचं खोरं, अजस्र कडा, अवर्षण चतुष्कोन आठवून दाखवा, मग पुस्तकाशी जुळवा. "भौगोलिक कारणे लिहा" हा प्रश्न पाठांतराला दाद देत नाही. प्रत्येक विधानाला तीन वेळा "का?" विचारा. ईशान्य ब्राझीलमध्ये पाऊस कमी का? कारण तो भाग उच्चभूमीच्या पर्जन्यछायेत येतो. पर्जन्यछाया का तयार होते? कारण समुद्रावरून येणारे वारे कड्याला अडतात आणि पाऊस अलीकडेच पडतो. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या माण-खटावच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. त्यांच्या घरासमोर तेच घडतं.

इतिहासात प्रत्येक उपघटकाचा एक प्रश्न बनवा आणि उत्तर मोठ्याने, कोणाला तरी समजावल्यासारखं सांगा. धाकटा भाऊ, आई, कोणी नसेल तर भिंत. जिथे "म्हणजे ते असं काहीतरी…" सुरू होतं, तिथे पुस्तक उघडायचं.

भाषेच्या कृतिपत्रिकेत निबंधाची पाठ केलेली पानं फारशी कामाला येत नाहीत. आठवड्याला एक न पाहिलेला उतारा, एक पत्र किंवा बातमी, आणि व्याकरणाच्या दहा कृती एवढं नेमाने केलं तरी पुरे. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीचा उतारा रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचावा. लाज वाटत असेल तर गच्चीवर जाऊन वाचा.

वेळापत्रक: जे पाळता येईल तेच लिहा

"पहाटे चार ते सात गणित, संध्याकाळी पाच ते दहा विज्ञान" असं वेळापत्रक सोमवारी लागतं आणि बुधवारी उतरतं. आधी एक आठवडा आपला दिवस जसा जातो तसा लिहून काढा: शाळा, क्लास, एसटीचा प्रवास, पाणी भरणं, दुकानावर बसणं, स्वयंपाकात हातभार. जो वेळ उरतो तो खरा. कोणाला चार तास मिळतील, कोणाला दीड. दीड तास पुस्तक मिटून केलेला अभ्यास काही कमी नसतो. इथे पालकांना कळकळीने सांगायचं आहे: घरात दहावीची मुलगी असेल तर तिच्या दीड तासात तिला हाक मारू नका. भावाच्या अभ्यासाच्या वेळी चहा कोणी करायचा, हा प्रश्न घरात ज्या पद्धतीने सुटतो, त्याच पद्धतीने तिच्या वेळीही सुटू द्या.

एका बैठकीला तीस ते चाळीस मिनिटं, मग पाच-सात मिनिटं उठून फिरणं. बैठकीचं नाव "विज्ञान" असं ठेवू नका. "धातुविज्ञान, क्रियाशीलता श्रेणी, मिटून लिहिणे" असं ठेवा. काय संपवायचं ते आधी ठरलं असेल तर पुस्तक चाळण्यात वेळ जात नाही. दिवसाच्या पहिल्या बैठकीत कालची उजळणी आणि कप्प्यातल्या चिठ्ठ्या, मग नवं काम. दोन जड विषय लागोपाठ घेऊ नका.

फोन दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर आईकडे द्या किंवा बंद करून डब्यात ठेवा. सायलेंट करून शेजारी ठेवलेला फोन लक्ष वेधतच राहतो. क्लासचे व्हिडिओ बघायचेच असतील तर एका बैठकीत बघून घ्या आणि संपताच तोही "मिटून" टाका: काय कळलं ते पाच ओळींत लिहा. नाहीतर व्हिडिओ बघण्यालाच अभ्यास समजण्याची सवय लागते.

झोपेची काटछाट करू नका. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. पहाटे उठणं चांगलं की रात्री जागणं, या वादात मी पडत नाही. ज्याच्या घरात जेव्हा शांतता असते, तेव्हा त्याने बसावं. घरात शांतता नसेल तर गावातलं वाचनालय, ग्रामपंचायतीची अभ्यासिका, शाळेचा रिकामा वर्ग यांची चौकशी करा. शिक्षकांना विचारायला संकोच करू नका. मुलगा अभ्यासाला जागा मागतो आहे म्हटल्यावर नाही म्हणणारे मुख्याध्यापक विरळा.

गाइड, क्लास आणि गटाने अभ्यास

गाइडमधली उत्तरं तपासायला वापरा, वाचायला नाही. आधी स्वतःचं उत्तर, मग गाइड उघडून मुद्दे जुळवायचे. "अपेक्षित" प्रश्नसंच नोव्हेंबरआधी हातात घेऊ नका. त्याने पुस्तकाचे तुकडे पडतात.

गटाने अभ्यास तिघांचा चांगला, सहाजणांचा गप्पांचा. प्रत्येकाने एक धडा करून यायचं, इतर दोघांनी पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचे. सांगणाऱ्याचं पुस्तक बंद.

डिसेंबरनंतर: घड्याळ लावून लिहा

मंडळाच्या परीक्षेची सुरुवात आता बऱ्याचदा फेब्रुवारीतच होते. २०२५ साली लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणून नवा अभ्यास डिसेंबरअखेर संपेल असं बघा आणि पुढचे आठवडे प्रश्नपत्रिकांना द्या.

एक प्रश्नपत्रिका दोन दिवसांत करायची. पहिल्या दिवशी घड्याळ लावून, टेबलावर दुसरं काही न ठेवता, परीक्षेच्याच वेळेत पूर्ण लिहायची. जेवणाची वेळ झाली तरी मध्ये उठायचं नाही. चाळीस गुणांच्या पेपरात तीन गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं. दहाव्या मिनिटाला जागा सोडून पुढे जा. दुसऱ्या दिवशी तपासायचं, शक्य असेल तर शिक्षकांकडून, नाहीतर मैत्रिणीशी वह्या बदलून. प्रत्येक गेलेला गुण चुकांच्या वहीत, कारणासकट. त्या कारणांवरून पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरतो. दहा पेपर लिहून ढीग लावला आणि एकही तपासला नाही तर फक्त हात दुखतो. चार लिहा, पण चारही तपासा.

हात दुखण्यावरून आठवलं: तीन तास सलग लिहिण्याचा सराव मुलांना राहिलेला नाही. भाषेचा पेपर घरी पूर्ण तीन तास बसून निदान दोनदा लिहा. शेवटच्या अर्ध्या तासात अक्षर कसं होतं ते स्वतःच बघा.

पेपरच्या आदल्या दिवशी नवं काही उघडायचं नाही. चुकांची वही, पहिल्या कप्प्यात उरलेल्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक धड्याचा एक मिटून लिहिलेला कागद, अर्ध्या पानाचा. प्रवेशपत्र, दोन पेनं, कंपास, पट्टी, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत. पेपर संपल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवत उभं राहू नका. घरी या, जेवा, तासभर झोपा आणि दुसऱ्या विषयाची चिठ्ठ्यांची जुडी काढा.

एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते, आणि एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळण्याची सोयही मंडळाने केलेली आहे. त्या तयारीसाठी गुणपत्रिका येताच त्या विषयाचे धडे पुन्हा एका पानावर मांडा, प्रत्येकाचे तीन प्रश्न मिटून लिहून बघा, आणि जिथे "येत नाही" निघेल त्या धड्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात करा.